विश्लेषण : दरवर्षी नवा संघ, दरवर्षी नवा डाव! अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘ट्रान्स्फर पोर्टल’मुळे काय बदलले?

इंडियाना विद्यापीठाने १९ जानेवारी २०२६ रोजी मायामी विद्यापीठाला २७-२१ असे हरवून अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदाच पटकावले. इंडियानाचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आदल्या हंगामात कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळत होता, तर मायामीचा कार्सन बेक जॉर्जिया विद्यापीठाकडून. म्हणजे अंतिम सामन्यातील दोन्ही संघांची सूत्रे नव्याने दाखल झालेल्या खेळाडूंच्या हाती होती. काही वर्षांपूर्वी अपवाद वाटावी अशी ही गोष्ट आता नेहमीची झाली आहे. खेळाडूंना मिळालेल्या या स्वातंत्र्याने संघबांधणीचे गणित कसे बदलले आणि त्याची किंमत कोण मोजते आहे, याविषयी…

महाविद्यालयीन फुटबॉल एवढा मोठा का?

येथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. शालेय शिक्षण संपल्यावर किमान तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला ‘एनएफएल’ या व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळत नाही. ही वर्षे जवळपास सर्वच जण विद्यापीठाच्या संघात काढतात. मिशिगनसारख्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या गटाने २०२२ मध्ये केलेला सात वर्षांचा प्रक्षेपण करार ७०० कोटी डॉलरहून अधिकचा असल्याचे सांगितले जाते. मात्र खेळाडू ‘हौशी विद्यार्थी’ आहेत, या तत्त्वावर ‘एनसीएए’ ही नियामक संघटना अनेक दशके त्यांना शिष्यवृत्ती आणि शिक्षणाशी निगडित खर्चापलीकडे काही मिळू देत नव्हती. प्रशिक्षकांचे मानधन कोटींत गेले, तरी खेळाडूंचे हात बांधलेलेच राहिले.

पूर्वी विद्यापीठ बदलता येत नव्हते का?

येत होते, पण शिक्षा भोगून. फुटबॉल खेळाडूने विद्यापीठ बदलले की त्याला साधारणपणे एक पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागे. शिवाय दुसऱ्या विद्यापीठाशी बोलण्यासाठी आधीच्या प्रशिक्षकांची परवानगी लागे आणि ते ती नाकारू शकत. प्रशिक्षक मात्र हंगाम संपताच, प्रसंगी हंगाम सुरू असतानाही, दुसरीकडे जाऊ शकत. ही विषमता आजही पुरती गेलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लेन किफिन यांनी ‘ओल मिस’ अर्थात मिसिसिपी विद्यापीठाचा संघ बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना एलएसयूचे प्रशिक्षकपद स्वीकारले.

मग बदल कधी झाला?

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्स्फर पोर्टल’ सुरू झाले. ही प्रत्यक्षात एक साधी ऑनलाइन यादी आहे. खेळाडूने विद्यापीठाला कळवले की त्याचे नाव यादीत टाकणे विद्यापीठाला बंधनकारक असते. त्यानंतर इतर प्रशिक्षक त्याच्याशी थेट बोलू शकतात. परवानगीची अट अशी गेली. एप्रिल २०२१ मध्ये प्रत्येक खेळाडूला एकदा तरी बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांवरील बंधनाला काही राज्यांनी आव्हान दिले. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने त्या नियमाला तात्पुरती स्थगिती दिली. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने ही मर्यादाच काढून टाकली. आता अभ्यासाच्या अटी पूर्ण करणारा खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो.

याच काळात पैशांचे दारही उघडले. जून २०२१ मध्ये ‘ऑल्स्टन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएविरोधात निकाल दिला. त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलैपासून, खेळाडूंना स्वतःचे नाव, छायाचित्र आणि प्रतिमा वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची मोकळीक मिळाली. याला ‘एनआयएल’ म्हणतात. श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारून जाहिरातीच्या नावाखाली खेळाडूंना पैसे देण्यास सुरुवात केली. कुठेही जाण्याची मुभा आणि जाण्यासाठी पैसा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्याने बाजार तयार झाला.

विद्यापीठे आता थेट पैसे देतात का?

होय. ‘हाऊस’ खटल्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिली. माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई द्यायची, असे त्यात ठरले. शिवाय २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटा देता येतो. ही रक्कम सर्व खेळांसाठी मिळून आहे, पण बहुतेक मोठ्या विद्यापीठांत तिचा सर्वात मोठा हिस्सा फुटबॉलकडे जातो.

आयपीएलच्या २०२५ च्या महालिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपयांची मर्यादा होती, तशीच ही मर्यादा वाटू शकते. पण येथे बाहेरच्या कंपन्यांशी होणारे ‘एनआयएल’ करार त्या रकमेत मोजले जात नाहीत. ६०० डॉलरवरील असे करार तपासण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली आहे. तरीही धनाढ्य पाठीराखे असलेले विद्यापीठ मर्यादेच्या वर जाण्याची वाट शोधतेच. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. आयपीएलमध्ये कोणाला कायम ठेवायचे हे संघ ठरवतो, तर येथे राहायचे की नाही हे खेळाडू ठरवतो.

संघबांधणीचे गणित अवघड का झाले?

पूर्वी फुटबॉल संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. स्वखर्चाने खेळणाऱ्यांसह संघात सव्वाशेच्या आसपास मुले असत. नव्या व्यवस्थेत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, पण तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी संघाचा आकार १०५ खेळाडूंपुरता ठरला. प्रशिक्षक आधी शाळांमधून मुले निवडत, त्यांना दोन-तीन वर्षे घडवत आणि मग मैदानात उतरवत. आता घडवलेला खेळाडू तिसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या संघात दिसू शकतो.

सर्वात मोठी अडचण राखीव खेळाडूंची आहे. क्वार्टरबॅक मैदानावर एका वेळी एकच असतो. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा गुणी क्वार्टरबॅक बाकावर बसून वाट पाहण्याऐवजी पोर्टलमध्ये नाव टाकतो. पहिला जायबंदी झाला की संघ उघडा पडतो. क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या आघाडीच्या पाच जणांचा प्रश्न वेगळा. त्यांना एकमेकांच्या हालचाली पाठ असाव्या लागतात आणि अठरा वर्षांच्या मुलाचे शरीर या कामाला क्वचितच तयार असते. त्यामुळे तयार, अनुभवी खेळाडूंसाठी चढाओढ लागते. म्हणजे प्रशिक्षकाला दर हिवाळ्यात तीन कामे एकदम करावी लागतात. आपले खेळाडू टिकवायचे, बाहेरचे आणायचे आणि शाळेतील मुलांसाठी जागा राखायची. त्यासाठी व्यावसायिक संघांप्रमाणे ‘जनरल मॅनेजर’ नेमले जाऊ लागले आहेत. एनएफएलमधील माजी क्वार्टरबॅक अँड्र्यू लक स्टॅनफर्ड विद्यापीठात हेच काम पाहतात.

पैसा ओतला की संघ जिंकतो का?

अलीकडचे अनुभव तसे सांगत नाहीत. फ्लोरिडा स्टेटने २०२३ मध्ये बाहेरून आलेल्या खेळाडूंच्या बळावर सलग १३ सामने जिंकले. पुढच्या वर्षी त्याच पद्धतीने संघ बांधला आणि पदरी आले अवघे दोन विजय, दहा पराभव. कोलोरॅडोत डिऑन सँडर्स यांनी २०२३ मध्ये जवळपास अख्खा संघ बदलला आणि पन्नासहून अधिक खेळाडू बाहेरून आणले. पहिले तीन सामने जिंकल्यावर देशभर चर्चा झाली, पण हंगाम ४-८ असा संपला. पुढच्या वर्षी संघ ९-४ पर्यंत पोहोचला, तर २०२५ मध्ये पुन्हा ३-९ वर घसरला. एका वर्षापुरता बांधलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून बांधावा लागतो, हेच यातून दिसते.

दुसऱ्या टोकाला क्लेमसनचे डॅबो स्विनी आहेत. शाळेतून आणलेल्या मुलांनाच घडवायचे, या धोरणावर ते बराच काळ ठाम राहिले. २०१६ आणि २०१८ ची राष्ट्रीय विजेतेपदे त्यांनी याच वाटेने मिळवली होती. मात्र २०२५ मध्ये हंगामापूर्वीच्या क्रमवारीत चौथा असलेला त्यांचा संघ ७-६ वर थांबला.

इंडियानाने नेमके काय वेगळे केले?

इंडियाना २०२३ मध्ये ३-९ असा हरलेला, पराभवांसाठीच ओळखला जाणारा संघ होता. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन या तुलनेने लहान विद्यापीठातून आले आणि तेथील १३ खेळाडू सोबत आले. या खेळाडूंना प्रशिक्षकांची पद्धत आधीच ठाऊक होती, त्यामुळे नव्या संघाला पहिल्या दिवसापासून कणा मिळाला. शाळेत किती गाजला यापेक्षा महाविद्यालयीन सामन्यांत प्रत्यक्ष काय करून दाखवले, यावर सिग्नेटी यांनी निवड केली. पहिल्याच वर्षी संघ ११-२ पर्यंत पोहोचला. जेम्स मॅडिसनहून आलेल्यांपैकी एडन फिशर, एलायजा सॅरट, डिअँजेलो पाँड्स यांच्यासारखे खेळाडू दुसऱ्या वर्षीही थांबले. त्यात मेंडोझाची भर पडली आणि संघ १६-० असा अजिंक्य ठरला. मेंडोझाला सर्वोत्तम खेळाडूची ‘हाइझमन’ ट्रॉफीही मिळाली. २०२२ पासून सलग चार वर्षे हा मान विद्यापीठ बदललेल्या खेळाडूलाच मिळाला आहे. इंडियानाच्या यशात कोणाला आणले याइतकेच कोण थांबले, हेही महत्त्वाचे होते.

या व्यवस्थेत हरते कोण?

पोर्टलमध्ये नाव टाकणारा प्रत्येक जण मेंडोझा नसतो. दरवर्षी हजारो खेळाडू यादीत येतात आणि त्यातील अनेकांना आधीच्या तोडीचे विद्यापीठ मिळत नाही. नाव टाकल्यावर आधीचे विद्यापीठ सत्र संपताच शिष्यवृत्ती थांबवू शकते. मन बदलले तरी परत घेण्याचे बंधन त्याच्यावर नसते. वारंवार विद्यापीठ बदलल्यास आधी मिळवलेले सगळे श्रेयांक नव्या ठिकाणी ग्राह्य धरले जातीलच असे नाही. मग पदवी लांबते. व्यावसायिक लीगपर्यंत मोजकेच पोहोचत असल्याने बहुतेकांसाठी खरी कमाई ही पदवीच असते.

शाळेतून येणाऱ्यांची वाटही अरुंद झाली आहे. २२ वर्षांचा अनुभवी खेळाडू मिळत असेल, तर १८ वर्षांच्या मुलावर वेळ कोण घालवणार? एकूण १०५ च्या मर्यादेमुळे स्वखर्चाने खेळणाऱ्यांच्या जागाही कमी झाल्या. लहान विद्यापीठांची अवस्था तर मोठ्यांसाठी खेळाडू घडवणाऱ्या कारखान्यासारखी झाली. त्याच वेळी हेही खरे, की ‘ओल मिस’चा क्वार्टरबॅक ट्रिनिडॅड चॅम्ब्लिस दुसऱ्या श्रेणीतील फेरिस स्टेटमधून आला आणि बाद फेरीत चमकला. जुन्या नियमांत ही संधी त्याला एक वर्ष बाहेर बसल्याशिवाय क्वचितच मिळाली असती.

करार करून खेळाडू बांधून ठेवता येत नाहीत का?

विद्यापीठे तसा प्रयत्न करतात, पण हे करार कितपत टिकतात हाच वादाचा मुद्दा आहे. एप्रिल २०२५ मध्ये मानधनावरून मतभेद झाल्याच्या वृत्तांनंतर क्वार्टरबॅक निको इआमालेआवा टेनेसी सोडून यूसीएलएत गेला. तेथे काही महिन्यांपूर्वीच आलेल्या जोई अगिलारने मग थेट टेनेसी गाठले. जानेवारी २०२६ मध्ये ड्यूक विद्यापीठाने क्वार्टरबॅक डॅरियन मेन्साहला रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. अखेर तडजोड झाली आणि तो मायामीला गेला.

मूळ पेच कायदेशीर आहे. खेळाडू विद्यापीठाचे कर्मचारी मानले जात नाहीत आणि त्यांची मान्यताप्राप्त संघटना नाही. एनएफएलमध्ये मानधनाची मर्यादा किंवा बदलीचे नियम खेळाडू संघटनेशी वाटाघाटी करून ठरतात, म्हणून ते न्यायालयात टिकतात. एनसीएएचे नियम एकतर्फी असल्याने स्पर्धाविरोधी म्हणून त्यांना सहज आव्हान मिळते.

पुढे काय?

तूर्त एनसीएएने वेळापत्रक आवळले आहे. पूर्वी हिवाळ्यात आणि वसंतात अशा दोन खिडक्या असत. २०२६ मध्ये फुटबॉलसाठी २ ते १६ जानेवारी ही एकच ठेवण्यात आली. प्रशिक्षक बदलल्यास त्या संघाच्या खेळाडूंना वेगळी मुदत मिळते. यामुळे वसंतातील सरावानंतर संघ फुटण्याचा धोका कमी झाला, पण त्या सरावात आपल्याला जागा नाही हे कळलेल्या खेळाडूचा मार्गही बंद झाला.

पुढचा उपाय दोन दिशांनी शोधला जात आहे. एनसीएए आणि मोठी विद्यापीठे अमेरिकी काँग्रेसकडे कायदेशीर संरक्षण मागत आहेत. ‘स्कोअर ॲक्ट’ हे विधेयक त्यासाठीच मांडण्यात आले, पण त्यात खेळाडूंना कर्मचाऱ्याचा दर्जा नाकारण्याचीही तरतूद असल्याने त्याला विरोध आहे. दुसरी दिशा खेळाडूंना वाटाघाटीच्या टेबलावर बसवण्याची. विद्यापीठांना खेळाडूंकडून बांधिलकी हवी आहे, पण कर्मचारी म्हणून त्यांची जबाबदारी नको आहे. ही कोंडी सुटेपर्यंत प्रत्येक प्रशिक्षकाला दर जानेवारीत आपला संघ नव्याने बांधावा लागणार, आणि विशीतील मुलांना दोन आठवड्यांत पुढच्या आयुष्याचा निर्णय घ्यावा लागणार.