घरी शिकणाऱ्या मुलांची कला : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विश्रांतवाडीसारख्या उपनगरात मुलांना शाळेत न धाडता घरीच शिकविण्याचा निश्चय करणाऱ्या कुटुंबास आप्तेष्ट जे प्रश्न विचारतात, त्यांत गणित आणि विज्ञान यांचा क्रम पहिला असतो. कलेविषयी सहसा कोणी विचारीत नाही, कारण घरात असलेले मूल चित्रे काढणारच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. या गृहीताच्या पोटात काही समजुती दडलेल्या आहेत आणि मूल वाढू लागले की त्या त्यास बाधक होतात, म्हणून त्यांची चिकित्सा मला अगत्याची वाटते.

कायद्याची शंका प्रथम निकालात काढू. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या पाल्यास जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले आहे. मात्र तसे न करणाऱ्या पालकास शिक्षेची तरतूद त्यात नाही, आणि घरशिक्षणाचा उल्लेखही नाही. घरशिक्षण हा गुन्हा आहे हा समज जसा चुकीचा, तसाच कायद्याने त्यास स्पष्ट मान्यता दिली आहे हाही.

दहाव्या-अकराव्या वर्षी मुलाने रंग बाजूला सारले, म्हणजे त्याच्या अंगी कला नव्हतीच, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालचित्रांच्या अवस्था वर्णिल्या आहेत : साधारण २ ते ४ या वयात रेघोट्या, ४ ते ७ मध्ये डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे, ७ ते ९ मध्ये ठरीव आकृत्या आणि ९ ते १२ मध्ये वास्तवाची उमलती जाणीव. या शेवटच्या अवस्थेत दृष्टी हाताच्या पुढे जाते. आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीवरून पुण्यात येणारी ज्ञानोबांची पालखी काढताना सहा वर्षांचे मूल सगळे वारकरी एका रेषेवर उभे करून समाधान पावते; अकरा वर्षांच्या मुलास मात्र दूरचा वारकरी लहान दिसतो हे कळते, पण काढता येत नाही, आणि आपल्याच चित्राची त्यास लाज वाटू लागते. अशा वेळी “छान आहे” हे आपले उत्तेजन त्यास खोटे वाटते, कारण चित्र फसले आहे हे त्याला आपल्याहून अधिक स्पष्ट दिसत असते. त्याला तंत्र हवे असते : यथार्थदर्शन, छायाप्रकाश, प्रमाण, किंवा कागद काही काळ दूर ठेवून सुतारकाम, शिवण, मातीकाम, जेथे वस्तू प्रत्यक्ष उभी राहते आणि कोठे चुकले हे तीच दाखवून देते.

साहित्य महाग असते, ही सबबही टिकणारी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, आणि तेथे व पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी बिया, पाने, शंख-शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी घडविली, आणि शिवाजीनगरात १९४० पासून हातकागद संस्था सुती चिंध्यांपासून कागद करीत आली आहे. गणेशोत्सवापूर्वी सहज मिळणारी शाडू माती तर मुलाबरोबर वाढते : पाच वर्षांचे मूल तिच्या वळ्या करते, नऊ वर्षांचे दोन्ही बाजू खरवडून पातळ मातीच्या लेपाने सांधा जोडते, तेरा वर्षांचे पोकळ भांडे घडविते. तडा गेला तर तो नशिबाचा दोष नव्हे. पातळ भाग आधी सुकून आकसतो आणि जाड भाग ओला राहतो, म्हणून माती तडकते. वस्तू सावलीत, ओल्या फडक्याखाली सावकाश सुकवावी. न भाजलेली शाडू पाण्यात पुन्हा विरघळते, त्यामुळे फसलेल्या कामाची मातीही वाया जात नाही.

पालकास स्वतः चित्र काढता आले पाहिजे, असेही कोणी समजतात. चित्र न येणारा पालक अडचणीचा नाही. मुलाच्या हातातून ब्रश घेऊन घोड्याचा पाय नीट करून देणारा पालक अडचणीचा आहे, कारण त्या क्षणापासून ते काम मुलाचे राहत नाही. आठव्या वर्षापर्यंत साहित्य मांडून देणे आणि नंतरचे पाहणे एवढे पुष्कळ आहे. पुढे मुलाबरोबर कारागिरापाशी जाऊन बसावे, संग्रहालयात एकाच वस्तूपुढे अर्धा तास थांबावे.

राहता राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. प्रत्येक कामावर तारीख घालून ते दप्तरी ठेवण्याची सवय प्रारंभापासून असावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेस वयाची १४ वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी बसू शकतो, आणि तीत चित्रकला हा विषय लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही अंगांनी घेता येतो. ज्यांची मुले त्या वयाजवळ आली आहेत, त्यांनी संस्थेच्या पुण्यातील विभागीय केंद्राकडे वेळीच चौकशी करावी.