यूएसबी स्कोप: खोक्यावरचे आकडे आणि टेबलावरची वस्तुस्थिती

म्हैसुरात घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक्स करण्याची हौस जुनी आहे. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली राहत्या घरातून रेडिओ केंद्र चालवायला घेतले आणि त्याला ‘आकाशवाणी’ असे नाव दिले. पुढे सरकारी रेडिओने देशभरासाठी तेच नाव उचलले. आज त्याच शहरात एनआयई या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा पोरगा असो की हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेला तंत्रज्ञ, काही हजार रुपयांत यूएसबी ऑसिलोस्कोपची तळहाताएवढी डबी घेतो, यूएसबीने लॅपटॉपला जोडतो आणि सर्किटमधली लहर पडद्यावर बघतो. म्हैसूरकर त्यासाठी बंगळुरूच्या एस. पी. रोडला जातो, पुणेकर पासोड्या विठोबाला, मुंबईकर लॅमिंग्टन रोडला. नाहीतर सगळेच ऑनलाइन मागवतात.

या डबीबद्दल बोलणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, हे खेळणे आहे. दुसरा म्हणतो, लाखाच्या स्कोपचे काम हजारात होते. दोघांनीही बहुधा खोक्यावरचे आकडे वाचलेले असतात. मात्र ते आकडे कशाला लागू पडतात, हे पाहिलेले नसते.

‘वीस मेगाहर्ट्झ लिहिलंय, म्हणजे वीसपर्यंत सगळं दिसणार’

हॅन्टेक ६०२२बीई हे या वर्गातले सर्वांत ओळखीचे नाव. दोन चॅनेल, आठ बिट, बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ, सॅम्पलिंग सेकंदाला ४.८ कोटी. आकडे खोटे नाहीत. पण बँडविड्थ म्हणजे ज्या फ्रीक्वेन्सीला साध्या साइन लहरीची उंची घटून सुमारे ७० टक्क्यांवर येते ती हद्द. म्हणजे २० मेगाहर्ट्झला एक व्होल्टची लहर ०.७ व्होल्टची दिसणार. शिवाय त्या वेगाला एका आवर्तनात जेमतेम अडीच नमुने मिळतात. अडीच ठिपक्यांतून लहरीचा आकार सॉफ्टवेअर अंदाजाने काढते.

चौकोनी लहरीचे तर आणखी अवघड. दहा मेगाहर्ट्झच्या चौकोनी लहरीचा चौकोनीपणा तिच्या ३० आणि ५० मेगाहर्ट्झच्या घटकांत असतो. ते या डबीच्या हद्दीबाहेर, म्हणून पडद्यावर गोलमटोल साइन उमटते. ०.३५ ला बँडविड्थने भागले की स्कोपचा स्वतःचा चढकाळ मिळतो. इथे तो साडेसतरा नॅनोसेकंद येतो. त्याहून झटपट बदलणारी कड ही डबी दाखवूच शकत नाही, आणि आर्डुइनोच्या पिनवरची कड त्याहून झटपट असते.

मग हद्द कुठे धरायची? म्हैसूर आकाशवाणीचे एफएम १००.६ मेगाहर्ट्झवर लागते, त्याची वाहक लहर विसरा. मध्यमलहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा, तो छान दिसतो. हौसेने एएम रेडिओ जोडणाऱ्याला एवढे पुरे. चौकोनी लहर असेल तर मी दोन-तीन मेगाहर्ट्झच्या पुढे या डबीवर भरवसा ठेवत नाही.

आणखी एक हिशेब खोक्यावर नसतो. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात हाती लागतात चाळीसच्या आसपास. एका चॅनेलचे ४.८ कोटी नमुने म्हणजे ४८ मेगाबाइट. ते तारेतून सलग जाणारच नाहीत. डबीत स्वतःची स्मृती नावापुरती, त्यामुळे कमाल वेगाला छोटासा तुकडाच पकडता येतो. ट्रिगर, म्हणजे लहर जिथून पकडायची तो क्षणही लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर आलेल्या तुकड्यात शोधते. दोन तुकड्यांच्या मधे काय घडले ते कळत नाही. तासाभरात एकदाच येणारा ठसका पकडायचा असेल तर हे हत्यार चुकीचे. पिकोस्कोप २२०४ए मध्ये ट्रिगर यंत्रातच आहे आणि सॅम्पलिंग सेकंदाला १० कोटी आहे, पण त्याची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झच आणि स्मृती आठ हजार नमुन्यांची. पूर्ण वेगाने ती ८० मायक्रोसेकंदांत भरते.

‘लहर स्वच्छ दिसते, म्हणजे खरी आहे’

ट्यूबलाइटखाली पंखा कधी उलटा, कधी सावकाश फिरताना दिसतो, तसेच इथे होते. स्कोप सेकंदाला दहा लाख नमुने घेत असेल आणि लहर १.०१ मेगाहर्ट्झची असेल, तर पडद्यावर दहा किलोहर्ट्झची देखणी, स्थिर साइन लहर येते. ती अस्तित्वातच नसते. स्वस्त डब्यांत ही भुताटकी गाळणारे फिल्टर सहसा नसते, आणि टाइमबेस संथ केला की सॅम्पलिंगही आपोआप संथ होते हे नवख्याच्या लक्षात येत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: टाइमबेस दोन-तीन पायऱ्या बदलून पाहायचा. दाखवलेली फ्रीक्वेन्सी बदलली तर ती लहर खोटी.

‘पाच व्होल्टच्या लाइनवर रिपल दिसत नाही, म्हणजे सप्लाय चांगला आहे’

हे टेबलावर करून पाहण्यासारखे आहे. मोबाइल चार्जरचा पाच व्होल्ट आउटपुट घ्या. त्यावर समजा २० मिलिव्होल्टचा रिपल, म्हणजे डीसीवर स्वार झालेला बारीक चढउतार आहे. प्रोब एक्स-१ वर, म्हणजे सिग्नल न घटवता ठेवला तर पाच व्होल्ट मावायला हॅन्टेकवर उणे पाच ते अधिक पाच असा पट्टा निवडावा लागतो. आठ बिटांत २५६ पायऱ्या, दहा व्होल्टला २५६ ने भागले की एक पायरी ३९ मिलिव्होल्टची. वीस मिलिव्होल्टचा रिपल एका पायरीत गडप होतो आणि पडद्यावर रेघ सरळ येते.

मोठ्या स्कोपवर अशा वेळी एसी कपलिंगचे बटण दाबतात. ६०२२बीईला ते नाही. पण बाहेरून करता येते: सिग्नलच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकायचा. स्कोपच्या एक मेगाओहम इनपुटशी मिळून त्याची खालची हद्द १.६ हर्ट्झच्या आसपास येते. डीसी अडते, पट्टा अर्ध्या व्होल्टवर आणता येतो आणि पायरी ३.९ मिलिव्होल्टची होते. आता तोच रिपल दातेरी रेघेसारखा उठून दिसतो. कपॅसिटरची किंमत चहाच्या कपाहून कमी.

ओघात एक सांगतो. सॉफ्टवेअर कोपऱ्यात ‘४.९८३ व्होल्ट’ असे छापते, त्यातले शेवटचे दोन आकडे शोभेचे. अचूक व्होल्टेज मल्टिमीटरने मोजायचे, आकार आणि वेळ स्कोपवर बघायची.

‘लॅपटॉप बॅटरीवर आहे, म्हणजे मेन्सवर लावायला हरकत नाही’

या गैरसमजापायी जीव जाऊ शकतो, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक टोक स्कोपच्या बीएनसीच्या बाहेरच्या धातूला, दुसरे लॅपटॉपच्या, भिंतीतून काढलेल्या, तीन पिनांच्या चार्जरच्या जाड पिनेला लावा. चार्जर लॅपटॉपला जोडलेला असू दे. बहुतेक लॅपटॉपवर बीप वाजेल. म्हणजे प्रोबची काळी चिमटी, यूएसबीचे कवच, लॅपटॉपची ग्राउंड आणि घराचे अर्थिंग ही एकच तार आहे.

आता बंद पडलेला एलईडी बल्ब उघडला आहे असे समजा. हा उद्योग हल्ली घरोघरी चालतो. आत ब्रिज रेक्टिफायर, पुढे कपॅसिटर आणि त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी, कारण २३० व्होल्ट एसीचे शिखर तेवढे असते. नवख्या माणसाला वाटते, ब्रिजची ऋण बाजू म्हणजे ग्राउंड. तसे नाही. अर्थिंगच्या तुलनेत ती बाजू मेन्सच्या अर्ध्या आवर्तनात उणे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. काळी चिमटी तिथे लावली की फेजपासून डायोड, चिमटी, यूएसबी, मदरबोर्ड आणि चार्जरच्या जाड पिनेपर्यंत थेट वाट तयार होते. ठिणगी उडते, एमसीबी पडतो, आणि स्कोपबरोबर लॅपटॉपही जातो.

चार्जर काढून बॅटरीवर चालवले तर ही वाट तुटते, ठिणगी उडत नाही, म्हणून लोकांना वाटते की प्रश्न सुटला. प्रत्यक्षात आता सबंध लॅपटॉप मेन्सच्या विभवावर तरंगतो. यूएसबीचे तोंड, स्क्रूची डोकी, धातूची बॉडी, सगळे जिवंत. लॅपटॉप वाचतो आणि माणूस धोक्यात येतो.

दोन पिनांच्या चार्जरवाल्या लॅपटॉपला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात, त्याचे कारण वेगळे. चार्जरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून किंचित गळती होते आणि ग्राउंड मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजपर्यंत तरंगते. करंट नगण्य असतो, पण नाजूक मापनात ५० हर्ट्झची गुणगुण शिरते ती इथूनच.

एक्स-१० प्रोबने मेन्स बघता येईल का? पाच व्होल्टचा पट्टा दहापटीने पन्नासचा होतो, तीनशे पंचवीसचा नाही. तिथे एक्स-१०० प्रोब लागतो, आणि त्याने ग्राउंडचा प्रश्न सुटत नाहीच. योग्य उपाय दोन: डिफरन्शियल प्रोब, किंवा तपासायच्या सर्किटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. दोन्हींची किंमत डबीहून जास्त भरू शकते. बाजारात स्वस्त यूएसबी आयसोलेटर मिळतात, पण त्यांतले बरेच एडीयूएम४१६० चिपवर चालतात आणि तिची मर्यादा सेकंदाला १२ मेगाबिटची. ४८० मेगाबिटच्या स्कोपला त्यांचा उपयोग नाही. माझा सल्ला साधा आहे: या डबीने मेन्सच्या बाजूला जाऊच नये.

बॅटरीच्या सर्किटमध्येही एक खोच आहे. दोन चॅनेलच्या काळ्या चिमट्या आतून जोडलेल्या असतात. दुसरी चिमटी ‘या रोधाची दुसरी बाजू पाहू’ म्हणून भलत्याच ठिकाणी लावली तर त्या दोन जागांमध्ये शॉर्ट होतो. एकच चिमटी ग्राउंडला ठेवून दोन चॅनेलची वजाबाकी सॉफ्टवेअरवर सोपवावी.

‘याच्यापेक्षा जुना सीआरओ बरा’

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सीआरओ, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबचा जुना ऑसिलोस्कोप आठवतो त्यांचे हे आवडते वाक्य. ठाण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ॲपलॅबसारख्या कंपन्यांनी देशी प्रयोगशाळांना वर्षानुवर्षे अशी यंत्रे पुरवली. जुन्या सीआरओत सॅम्पलिंग नसते, त्यामुळे खोटी लहर दिसण्याची भीती नाही, आणि बटण फिरवताच रेघ हलते. चालू स्थितीतला मिळाला तर जरूर घ्यावा.

पण टीव्हीच्या रिमोटचे बटण एकदाच दाबून बघा. टीएसओपी१७३८ सारख्या रिसीव्हरच्या आउटपुटवर, रिमोट एनईसी पद्धतीचा असेल तर, आधी नऊ मिलिसेकंद लो, मग साडेचार मिलिसेकंद हाय आणि मागोमाग बिटांची रांग येते. सीआरओवर हे सगळे क्षणभर लुकलुकून नाहीसे होते. यूएसबी स्कोपवर सिंगल-शॉट लावला की पूर्ण रांग पडद्यावर गोठते, हवे तिथे मोठी करून बिट मोजता येतात, चित्र मित्राला पाठवता येते. आयटूसीवर सेन्सर उत्तर देत नसेल तर नवव्या क्लॉकला डेटा लाइन खाली येते की नाही, हे एका नजरेत दिसते. सिरियल पोर्टच्या १,१५,२०० बॉडला एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा असतो, तो तर अगदीच आवाक्यात. हौशी माणसाची बहुतेक कामे याच वेगाची असतात, म्हणून ‘खेळणे’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

डिजिटल लाइन नुसत्या वाचायच्या असतील तर स्कोपही नको. सेकंदाला २.४ कोटी नमुने घेणारा आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर आणि पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर पुरते.

शिकण्यासाठी घ्यायचे असेल तर देशी पर्यायही पाहावा. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरच्या फीनिक्स प्रकल्पातून एक्सपआईज तयार झाले. एक्सपआईज-१७ मध्ये सेकंदाला दहा लाख नमुने एवढाच वेग आहे, पण बारा बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या, उणे-अधिक १६ व्होल्टचे इनपुट, शिवाय लहर निर्माण करायची सोय. वेगात ते हॅन्टेकच्या जवळपास येत नाही, सूक्ष्मतेत मात्र त्याला मागे टाकते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांना मी तेच निवडीन. लॅपटॉपच्या माइक सॉकेटला स्कोप बनवणारी सॉफ्टवेअरही आहेत. ती डीसी दाखवत नाहीत, एखाद-दुसऱ्या व्होल्टच्या वर सॉकेट जळायची भीती, पण ऑडिओ ॲम्प्लिफायरपुरते चालते.

‘सॉफ्टवेअर तर सोबत येतंच’

येते, पण विंडोज बदलली की ड्रायव्हर रुसतो. ६०२२बीईमध्ये तर फर्मवेअर कायमचे बसलेलेच नसते; प्रत्येक वेळी डबी लावली की लॅपटॉप ते तिच्यात भरतो. म्हणजे ड्रायव्हर नाही तर डबी ठार मुकी. या मॉडेलसाठी ओपनहॅन्टेक६०२२ हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्स, विंडोज आणि मॅकवर चालते, म्हणून तिची चिंता कमी. अनोळखी नावाची डबी घेताना तिच्यासाठी असे काही आहे का, हे पैसे देण्याआधी शोधावे.

डबी हाती आली की परत करायची मुदत संपायच्या आत पहिले काम प्रोबचे करावे. एक्स-१ वर प्रोबची बँडविड्थ सहा मेगाहर्ट्झच्या आसपासच राहते आणि त्याच्या भाराने क्रिस्टल ऑसिलेटर बंदही पडतो, म्हणून सवयीने एक्स-१० वापरावा. डबीवरच्या एक किलोहर्ट्झच्या चाचणी टोकाला प्रोब लावून त्यावरचा बारीक स्क्रू प्लॅस्टिकच्या पेचकसाने फिरवायचा. चौकोनाची खांदे उचललेली किंवा उतरलेली कड सपाट झाली की प्रोब जुळला. दोन्ही प्रोब दोन्ही चॅनेलवर आलटूनपालटून पाहावेत. स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही एखादा सपाट होत नसेल, तर तो विक्रेत्याला परत पाठवावा.