‘चाल’ हरवली, तर पद मुके होते

बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात एखाद्या जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक हाती लागले, तर पदाच्या माथ्यावर बहुधा ‘चाल’ हा शब्द आढळतो. त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गीताचे आरंभीचे शब्द असतात. हे पद त्या गीताप्रमाणे म्हणावे, एवढाच त्याचा अर्थ. आजच्या वाचकाला मात्र ते मूळ गीतच अनेकदा ठाऊक नसते.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक सादर केले. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. कीर्तनातील साकी-दिंडी, लावण्या, कर्नाटकी गीते यांच्या चाली तेव्हाच्या प्रेक्षकांच्या कानांत आधीच रुळल्या होत्या. त्यामुळे चालीचा नुसता निर्देश पुरेसा होता.

हीच रीत चीनच्या संगीत नाट्यातही दिसते. तेथे प्रांतोप्रांतीची नाट्यशैली निराळी असून, स्थानिक बोली आणि सूर यांवरून ती ओळखली जाते. सुचौ परिसरात सोळाव्या शतकात घडलेल्या ‘कुनछू’ शैलीत पदाआधी ठरीव चालीचे नाव लिहिण्याची परंपरा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिच्या पदांचे स्वरलिपीसह संग्रहही निघाले. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी ही कला मरणपंथाला लागली. १९२१ मध्ये सुचौ येथे शाळा निघाली आणि वृद्ध नटांनी मुलांना प्रत्यक्ष शिकवले. त्या पिढीतील कलावंतांमुळेच ही परंपरा टिकली. १९५६ मधील एका नाटकाच्या यशाने तिला पुन्हा प्रतिष्ठा लाभली, तर २००१ मध्ये युनेस्कोने तिचा गौरव केला.

आपल्याकडे गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमान’ (१९११) आणि भास्करबुवा बखले यांनी ‘स्वयंवर’ (१९१६) यांच्या पदांना दिलेल्या चाली मैफलींतून आजही ऐकू येतात. परंतु मैफलीत पदाचा राग फुलतो, प्रसंग मागे पडतो. रुसलेली नायिका तेच पद किती आवरून म्हणेल, हे रंगमंचावरच शिकता येते. किर्लोस्करकालीन साध्या चालींना तर मैफलीचाही आधार फारसा नाही. ध्वनिमुद्रिका आणि स्वरलिपी अवश्य जपाव्यात, पण जाणत्या नटाकडून नवशिक्याला पद मिळाले नाही, तर पुस्तकातील ‘चाल’ हा शब्द केवळ छापील खूण म्हणून उरेल.