जुन्या बाईकचं इंजिन कव्हर घरच्या घरी चमकवताना

ॲल्युमिनियमचं कव्हर काढलं की लगेच बफ लावायची घाई करू नका. निम्म्याहून जास्त काम वॉटर पेपरचं असतं. कंपनीचा लॅकर असेल तर तो आधी पेंट रिमूव्हरने उतरवा. मग ४००, ८००, १२०० आणि २००० नंबर, साबणाच्या पाण्यात भिजवून. नंबर बदलला की घासायची दिशाही काटकोनात बदला, म्हणजे आधीचे ओरखडे लगेच दिसतात. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. कंटाळवाणं आहे, पण खोल चरा बफने जात नाही, उलट उठून दिसतो!

आता बफ. शिवलेल्या कापडाच्या कडक चाकावर पॉलिशची तपकिरी वडी (ट्रिपोली), मऊ सुट्या चाकावर पांढरी वडी. एका चाकाला एकच वडी. हिरवी वडी स्टेनलेस स्टीलसाठी ठेवा. वडी जास्त झाली की काळे पट्टे उमटतात.

चाक बसवलेल्या ग्राइंडरची मोटर मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास फिरते, म्हणून कव्हर नेहमी चाकाच्या मध्याखाली धरा आणि वरची कड चाकाला लागू देऊ नका, नाहीतर ते हातातून भिरकावलं जातं. चष्मा आणि मास्क हवेतच. कापडी हातमोजे मात्र नकोत, चाकात अडकतात. साखळी तर बफवर धरूच नका. त्याच ग्राइंडरवर लोखंड घासत असाल तर साचलेली धूळ आधी साफ करा, ॲल्युमिनियमची भुकटी ठिणगीने पेटते.

शेवटी थोडा मैदा भुरभुरून पुसा, चिकट वंगण निघतं. वर कारचं वॅक्स.