फिलरच्या आकड्यांतला छेद

२०२४ साली जगभरातल्या प्लास्टिक सर्जननी चेहऱ्यात हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर सुमारे ६३ लाख वेळा भरले, असा ‘आयसॅप्स’ या सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अंदाज आहे. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, हा आकडा ५५.६ लाख होता. वाढ १३ टक्के. त्याच काळात बोटॉक्सचे उपचार ८८.८ लाखांवरून ७८ लाखांवर आले, म्हणजे १२ टक्क्यांनी घटले. बोटॉक्स स्नायू सैल करून सुरकुती घालवते, तर फिलर त्वचेखाली जेल भरून खळगा किंवा रेघ उचलून धरतो. दोन्ही उपचारांतले ३३ लाखांचे अंतर एका वर्षात १५ लाखांवर आले. शस्त्रक्रियेविना होणाऱ्या सौंदर्योपचारांत फिलरचा वाटा २९ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांपर्यंत गेला.

मागची काही वर्षे ओळीने मांडली की आलेख नागमोडी दिसतो. २०१९ मध्ये ४३ लाख, २०२० मध्ये ४०.५ लाख, २०२१ मध्ये ५३ लाख, २०२२ मध्ये पुन्हा ४३ लाख आणि २०२३ मध्ये ५५.६ लाख. २०२०ची घट कोविडने समजते. २०२२ मध्ये मात्र जवळपास पाचवा हिस्सा गळाला आणि पुढच्याच वर्षी भरून निघाला. एवढा चढउतार लोकांच्या आवडीत होत नाही. तो बहुधा मोजणीच्या पद्धतीत असतो. आयसॅप्स सर्जनना प्रश्नावली पाठवते आणि आलेल्या उत्तरांना त्या-त्या देशातल्या सर्जनच्या संख्येने गुणते. कोणी उत्तर दिले, यावर बेरीज हलते.

दुसरी विसंगती अमेरिकेतली. तिथल्या प्लास्टिक सर्जनच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साठी हायल्युरॉनिक ॲसिड फिलरचे ५२.९ लाख उपचार नोंदवले आणि २०२४ साठी ५३.३ लाख, म्हणजे १ टक्का वाढ. २०२३चा हा आकडा आयसॅप्सच्या जागतिक आकड्याशेजारी ठेवला तर जगातले ९५ टक्के फिलर एकट्या अमेरिकेत भरले जातात, असा निष्कर्ष निघेल. तो चुकीचा आहे. दोन्ही संघटनांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. आयसॅप्सचा अंदाज केवळ प्लास्टिक सर्जनच्या कामावर बेतलेला असतो. फिलर भरणारे त्वचारोगतज्ज्ञ, दंतवैद्य आणि परवान्याविना सुई धरणारे पार्लरवाले त्यात येत नाहीत. म्हणून ६३ लाख ही जगाची किमान संख्या मानावी. वाढीची दिशा तिच्यावरून फार तर ढोबळपणे कळते, एकूण व्याप कळत नाही.

आता सिरिंजमध्ये काय आहे ते पाहू. बहुतेक सिरिंज १ मिलिलिटरच्या असतात, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. त्यात साधारण २० ते २४ मिलिग्रॅम हायल्युरॉनिक ॲसिड असते आणि उरलेले बहुतांशी पाणी. हे द्रव्य शरीराला परके नाही. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते १९३४ मध्ये गायीच्या डोळ्यातून वेगळे केले. ७० किलोच्या माणसाच्या अंगात ते सुमारे १५ ग्रॅम असते आणि त्यातले ५ ग्रॅम रोज मोडून नव्याने बनते. २० मिलिग्रॅमची सिरिंज म्हणजे शरीर एका दिवसात जेवढे मोडते त्याचा अडीचशेवा भाग. साधे हायल्युरॉनिक ॲसिड टोचले तर ते एक-दोन दिवसांत नाहीसे होईल. ते महिनोन्महिने टिकते याचे कारण कारखान्यात रेणूंना रेणू जोडून केलेले जाळे. गिऱ्हाइकाला पुष्कळदा फक्त ‘नैसर्गिक घटक’ एवढेच सांगितले जाते. किंमत मात्र त्या जाळ्याची असते.

हायल्युरॉनिक ॲसिडच्या आधी, १९८१ पासून, अमेरिकेत गायीच्या कोलॅजनचे फिलर चालत. ते तीन-चार महिने टिके आणि सुमारे ३ टक्के लोकांना त्याची ॲलर्जी येई, म्हणून आधी हातावर चाचणी करावी लागे. डिसेंबर २००३ मध्ये रेस्टिलेन या हायल्युरॉनिक ॲसिडच्या फिलरला अमेरिकी औषध प्रशासनाची (एफडीए) मंजुरी मिळाली, चाचणीची गरज संपली आणि बाजार हायल्युरॉनिक ॲसिडकडे वळला.

फिलर किती टिकतो, या प्रश्नाला कंपन्यांचे उत्तर ६ महिने ते २ वर्षे असे आहे, प्रकार आणि जागा यांनुसार. हे उत्तर दिसणाऱ्या परिणामाचे आहे, द्रव्याचे नव्हे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ३३ जणांचे एमआरआय तपासले गेले. एकानेही मागच्या दोन वर्षांत गालाच्या भागात फिलर घेतलेला नव्हता. ३३ पैकी ३३ जणांत तो सापडला. सर्वात जुना १५ वर्षांपूर्वीचा. ३३ ही संख्या लहान आहे आणि हे लोक यादृच्छिक निवडलेले नव्हते, त्यामुळे सगळ्यांनाच हे लागू होते असे म्हणता येणार नाही. पण दर वर्षी ‘टॉप-अप’चा सल्ला देताना जुने सगळे विरघळले आहे असे जे गृहीत धरले जाते, त्याला या ३३ चित्रांनी तडा दिला आहे.

खर्चाचा एकच मुद्दा. भारतात जन्मजात व्यंग, अपघात अशी कारणे सोडली तर सौंदर्योपचारांना आरोग्यसेवेची जीएसटी सूट मिळत नाही. दर १८ टक्के. २५ हजार रुपयांची सिरिंज धरली तर कराचे ४,५०० रुपये वेगळे. सांगितलेला भाव करासह आहे की कराविना, हे आधी विचारावे.

धोक्याच्या आकड्यांत छेद सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. फिलरचा गंभीर धोका म्हणजे जेल रक्तवाहिनीत शिरणे. वाहिनी तुंबते, त्वचा आधी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते आणि वेळेत उपाय झाला नाही तर मरते. २०२१ मध्ये ‘जामा डर्मेटॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ३७० त्वचारोगतज्ज्ञांनी वापरलेल्या १७ लाखांहून अधिक सिरिंजचा हिशेब आहे. सुईने भरताना ६,४१० सिरिंजमागे एकदा वाहिनी तुंबली. बोथट टोकाच्या कॅन्युलाने भरताना ४०,८८२ सिरिंजमागे एकदा. लाखात मांडले तर सुईने सुमारे १६ आणि कॅन्युलाने अडीचपेक्षा कमी, म्हणजे सहापटीहून अधिक फरक. तुंबलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना कायमची इजा झाली नाही.

यातला छेद सिरिंज आहे, माणूस नाही. एका भेटीत ३ सिरिंज भरल्या आणि प्रत्येक वेळी धोका सारखाच धरला, तर सुईसाठी प्रमाण २,१३७ भेटींमागे एक होते. दर वर्षी २ याप्रमाणे दहा वर्षांत २० सिरिंज भरल्या, तर सुमारे ३२० जणांमागे एक. ‘सहा हजारांत एक’ आणि ‘तीनशेवीसांत एक’ ही दोन्ही विधाने एकाच अभ्यासातून निघतात. दवाखान्याच्या पत्रकावर पहिले असते, पण घेणाऱ्याच्या आयुष्याला दुसरे लागू पडते. शिवाय हे प्रमाण प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञांच्या हातचे आणि त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. त्याच अभ्यासात पाच वर्षांहून अधिक अनुभव असलेल्यांकडे वाहिनी तुंबण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी कमी आढळली. पार्लरमधल्या खुर्चीला हा आकडा लावता येत नाही.

दृष्टी जाणे हा याहून दुर्मीळ आणि याहून भयंकर परिणाम. २०१५ च्या एका आढाव्यात तोपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ९८ केसेस एकत्र केल्या होत्या. २०१९ च्या पुढच्या आढाव्यात सप्टेंबर २०१८ पर्यंतच्या आणखी ४८ आल्या. एकूण १४६. बेरजेपेक्षा तिच्या पोटातला बदल बोलका आहे. पहिल्या ९८ पैकी जवळपास निम्म्या केसेस स्वतःच्याच शरीरातली चरबी टोचल्याने झाल्या होत्या आणि हायल्युरॉनिक ॲसिडचा वाटा २३.५ टक्के होता. नंतरच्या ४८ मध्ये तो ८१.३ टक्के झाला. यावरून हायल्युरॉनिक ॲसिड जास्त घातक ठरत नाही. ते जास्त वापरले जाऊ लागले. जागाही बदलली. आधी भुवयांमधला भाग ३८.८ टक्क्यांनी पहिला होता आणि नाक २५.५ टक्क्यांवर. नंतर नाक ५६.३ टक्क्यांवर गेले. शस्त्रक्रियेविना नाक सरळ करून देण्याच्या जाहिराती वाचताना हा ५६.३ आठवावा.

इतके थोडे जेल डोळ्यापर्यंत पोचते कसे, याचे उत्तर शरीररचनेच्या एका मोजमापात आहे. भुवयांमधून डोळ्याच्या खोबणीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या धमनीत सरासरी ०.०८५ मिलिलिटर मावते. कमीत कमी ०.०४, जास्तीत जास्त ०.१२. म्हणजे सरासरीने सिरिंजचा दहावा भागही लागत नाही. म्हणूनच जाणकार हात एका जागी थोडे थोडे आणि हळू सोडतो. सुईविना दाबाने जेल आत मारणाऱ्या ‘हायल्युरॉन पेन’विरुद्ध एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा दिला, कारण त्यात जेल किती खोल जाईल यावर पुरेसा ताबा राहत नाही.

हायल्युरॉनिक ॲसिडला एक उतारा आहे: हायल्युरॉनिडेज हे विकर ते विरघळवते. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट, पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड आणि पीएमएमए या दुसऱ्या फिलरना ते विरघळवत नाही, आणि पीएमएमए तर कायमचे असते. आपल्या चेहऱ्यात कोणते द्रव्य गेले हे सिरिंजच्या खोक्यावरचे लेबल सांगते; ते जपून ठेवण्याचे कारण हेच. वाहिनी तुंबल्यास २०१७ मध्ये मांडलेल्या उपचारपद्धतीत ओठ, नाक किंवा कपाळ अशा एका जागेसाठी दर तासाला सुमारे ५०० युनिट द्यावे लागतात, त्वचेचा रंग परत येईपर्यंत. भारतात हायल्युरॉनिडेजची सर्वत्र मिळणारी व्हायल १,५०० युनिटची असते. एका जागेला ती तीन तास पुरते, तीन जागांना एकच तास. दवाखान्यात या क्षणी अशा किती व्हायल आहेत, हे फिलरची सिरिंज उघडण्याआधी विचारता येते आणि उत्तर आकड्यात मागता येते.