त्रिपुरीचे अध्यक्षपद

जबलपूरपासून काही मैलांवरचे तेवर हे लहानसे गाव म्हणजे कलचुरी राजांची पुरातन राजधानी त्रिपुरी. मार्च १९३९ मध्ये राष्ट्रसभेचे अधिवेशन याच परिसरात भरले. त्या काळी राष्ट्रसभेच्या अध्यक्षास ‘राष्ट्रपती’ म्हणत, आणि तो मान त्या वर्षी सुभाषचंद्र बोस यांच्याकडे होता.

जबलपूर त्यांस अपरिचित नव्हते. १९३२ मध्ये कल्याण स्थानकाजवळ अटक झाल्यावर प्रथम शिवनीच्या व नंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांस ठेवले होते. प्रकृती ढासळल्याने १९३३ मध्ये ते युरोपात गेले. गेले उपचारासाठी, परंतु परतले ते परराष्ट्रकारणाचे जाणकार होऊन. व्हिएन्ना, प्राग, रोम, डब्लिन या राजधान्या त्यांनी पाहिल्या. बेनेश आणि डी व्हॅलेरा यांच्याशी चर्चा केली. १९३८ मध्ये हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांची निवड जाहीर झाली, तेव्हाही ते इंग्लंडमध्येच होते. दोन वर्षांपूर्वी पंडित नेहरूंचेही असेच घडले होते. पारतंत्र्यात परराष्ट्रखाते आपल्या हाती नव्हते, म्हणून जग पाहिलेल्या पुढाऱ्याचे मोल अधिक वाटे. हे स्वाभाविकच होते.

परंतु त्रिपुरीस या अनुभवाची दुसरी बाजू दिसली. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव करून सुभाषबाबू पुन्हा निवडून आले होते. अधिवेशनात बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. तीत अध्यक्षांचे केवळ छायाचित्र होते. ते स्वतः ज्वराने अंथरुणाला खिळलेले. त्यांचे भाषण बंधू शरदबाबूंनी वाचून दाखविले. म्युनिकच्या करारानंतर ब्रिटनची स्थिती दुबळी झाली आहे, तेव्हा सरकारला सहा महिन्यांची निर्वाणीची मुदत द्यावी, हा त्याचा गाभा होता.

युरोपचे गणित त्यांनी अचूक मांडले, घरचे मात्र चुकले. निवडणूक जिंकली म्हणजे कार्यकारिणी जिंकली, असे नसते. गांधीजी त्या वेळी राजकोटला होते; तरी त्यांच्या इच्छेनुसारच अध्यक्षांनी कार्यकारिणी नेमावी, असा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव संमत झाला. ती कार्यकारिणी जमलीच नाही, आणि २९ एप्रिल रोजी कलकत्त्यास सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

त्रिपुरीचा मंडप उठल्यावर थोड्याच दिवसांत, १५ मार्चला, जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या होत्या. १ सप्टेंबरला महायुद्ध पेटले; सहा महिने अद्याप पुरे व्हावयाचे होते.