फ्रेंच क्रियापदे : डोळ्यांची आणि कानांची

फ्रेंच शिकणारा विद्यार्थी बहुधा क्रियापदापाशीच प्रथम अडखळतो. लिहिलेली सर्व अक्षरे उच्चारावयाची, असे तो धरून चालतो आणि ऐकणाऱ्यास काही बोध होत नाही. म्हणून या विषयाचे थोडे दिग्दर्शन आम्ही येथे करीत आहो.

'पार्ले' म्हणजे बोलणे. वर्तमानकाळी त्याची सहा रूपे होतात. त्यांपैकी 'मी', 'तू', 'तो' आणि 'ते' यांची रूपे लिहिताना शेवट तीन प्रकारचे असतात. उच्चार मात्र चारही ठिकाणी एकच, 'पार्ल्', आणि तोही एका आघाताचा. 'आम्ही' व 'तुम्ही' यांच्या रूपांत मात्र प्रत्यय ऐकू येतो व शब्दाचे दोन खंड पडतात : पार्-लों, पार्-ले. यातील सानुनासिक 'ओं' आम्हां कोकणी बोलणाऱ्यांस जड जात नाही. आमची भाषा अनुनासिकांनी भरलेलीच आहे.

'ते' या रूपाच्या अंती ई, एन्, टी ही तीन रोमन अक्षरे येतात व तिन्ही मूक राहतात. पण 'व्रेमां', म्हणजे 'खरोखर', या क्रियाविशेषणाच्या अंती हीच अक्षरे 'आं' अशी उच्चारली जातात. तात्पर्य, शब्द क्रियापद आहे की नाही हे ओळखल्यावाचून त्याचा उच्चार करता येत नाही. येथे व्याकरण हाच उच्चाराचा वाटाड्या होय.

प्रत्यय मूक असल्याने कर्ता गाळता येत नाही. मराठीत नुसते 'बोलतोस' म्हटले तरी 'तू' कळतो. फ्रेंचमध्ये सर्वनाम हवेच.

आता खंड कसे पडतात ते पाहू. दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढच्या स्वरास मिळते, आणि हा नियम शब्दाची सीमाही ओलांडतो. 'तो प्रेम करतो' हे 'इ-लेम्' असे ऐकू येते. 'ते प्रेम करतात' हे 'इल्-झेम्' असे. ('झ' हा 'माझा' या शब्दातल्यासारखा.) एक की अनेक, याचा निवाडा त्या एका ध्वनीवर होतो!

'फिनीर्', म्हणजे संपविणे, याचे 'तो'साठी 'फि-नी' व 'ते'साठी 'फि-नीस्' असे होते. 'आम्ही'चे रूप ओळीच्या शेवटी तोडताना दोन 'स' दोन ओळींत विभागतात. कानाला मात्र एकच 'स' ऐकू येतो : फि-नि-सों. हाताची विभागणी निराळी, कानाची निराळी.

ही मूक अक्षरे निरर्थक नव्हेत. लॅटिनमधून आलेले ते प्रत्यय प्राचीन फ्रेंचमध्ये उच्चारले जात. पुढे उच्चार झिजला, लेखन राहिले. आपणही 'घर' लिहितो, पण अंत्य 'अ' कोठे उच्चारतो?

विद्यार्थिमित्रांनो, क्रियापद वाचताना आधी कर्ता पाहा, मग प्रत्यय ओळखा आणि नंतरच तोंड उघडा. सहाही रूपे मोठ्याने म्हणत टाळी वाजवून खंड मोजा. थोड्याच दिवसांत डोळ्यांनी घातलेला गोंधळ कान निस्तरतील.